बर्फावरची फळी

उत्तर अमेरिकेत मिशिगन नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठावर मस्कीगन हे गाव वसलेले आहे. हिवाळ्यात सरोवरावरून वाहणारे पश्चिमेचे वारे बाष्पाने भरलेले असतात; काठावर येताच ते आपला भार हिमाच्या रूपाने उतरवून ठेवतात. मग रस्ते, छपरे व टेकड्या पांढऱ्याशुभ्र होऊन जातात.

१९६५ सालच्या नाताळच्या दिवशी याच गावात शर्मन पॉपेन नावाचे एक अभियंते आपल्या मुलींसह घराबाहेरच्या टेकडीवर गेले होते. त्यांची एक मुलगी घसरगाडीवर बसण्याऐवजी उभी राहूनच उतार उतरू पाहत होती. ते पाहून पित्याला एक युक्ती सुचली. बर्फावरून घसरण्यासाठी पायांना ज्या लांबट पट्ट्या बांधतात, त्यांना स्की म्हणतात. पॉपेन यांनी अशा दोन स्की शेजारी शेजारी ठेवल्या व आडव्या लाकडी पट्ट्यांनी एकमेकींस जोडल्या. मुलींना उभे राहण्याजोगी एक रुंद फळी तयार झाली. पॉपेन यांच्या पत्नीने तिचे नाव ‘स्नर्फर’ असे ठेवले. ‘स्नो’ म्हणजे हिम आणि ‘सर्फर’ म्हणजे फळीवर उभा राहून समुद्राच्या लाटेवरून येणारा. या दोन शब्दांचा हा जोड होय.

पुढे अनेकांनी या फळीत सुधारणा केल्या. जेक बर्टन यांनी १९७७ साली व्हरमाँट राज्यात फळ्या बनविण्यास आरंभ केला. पाय फळीवर घट्ट बसावेत म्हणून बंधने आली, आणि आजचा ‘स्नोबोर्ड’ सिद्ध झाला. १९९८ साली जपानमधील नागानो येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला प्रथम स्थान मिळाले. असा हा जगन्मान्य खेळ. परंतु त्याचा उगम एका पित्याने मुलींसाठी केलेल्या खेळण्यात आहे, हे विसरता येत नाही. आजही हिमाच्छादित उतारांवर आईबाप आणि मुले हा खेळ एकत्र शिकताना दिसतात.

समजा, एक पिता आणि त्याची सहा वर्षांची कन्या, दोघेही प्रथमच फळीवर उभी राहत आहेत. सर्वप्रथम कोणता पाय पुढे ठेवावयाचा, हे ठरवावे लागते. कोणाचा डावा पाय पुढे असतो, तर कोणाचा उजवा. पित्याचा डावा व कन्येचा उजवा पाय पुढे असेल, तर तिने पित्याचे जसेच्या तसे अनुकरण करून चालत नाही. आरशात जसे डाव्याचे उजवे दिसते, तसेच तिला सर्व उलटे करावे लागते. म्हणजे पहिल्याच धड्याला ‘मी करतो तसे कर’ हे पित्याचे नेहमीचे वाक्य निरुपयोगी ठरते!

दुसरा धडा थांबण्याचा. फळीचा तळ गुळगुळीत असतो. ती उताराच्या दिशेने सपाट ठेवली, की वेग झपाट्याने वाढतो. थांबण्यासाठी फळी उतारास आडवी करावी आणि तिची वरच्या बाजूची कड बर्फात रुतवावी. टाचांवर भार दिला, की टाचेकडची कड रुतते. चवड्यांवर भार दिला, की चवड्याकडची. खालच्या बाजूची कड मात्र रुतू देता कामा नये. ती रुतली, की फळी जागच्या जागी अडते आणि स्वार धाडकन आपटतो. कडेवरचा ताबा आला, की भार किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे देत सावकाश खाली यावे. झाडावरून गळणारे पान जसे झोके घेत उतरते, तशीच ही गती असते.

हे साधेपर्यंत दोघेही पुष्कळदा पडतात. म्हणून पडावे कसे, हेही शिकावे लागते. पडताना हात टेकण्याची सर्वांनाच सवय असते. परंतु त्यामुळे मनगट दुखावते. म्हणून मुठी मिटून हात अंगाशी घ्यावे. मागे पडताना हनुवटी छातीकडे टेकवावी. डोक्यावर शिरस्त्राण तर हवेच.

येथे एक मौज दिसते. कन्या ठेंगणी व हलकी. ती पडते ती थोड्याच उंचीवरून, आणि हसत उठते. पिता उंच व वजनदार. त्याला आघातही मोठा बसतो आणि लोक पाहतील ही लाजही वाटते. भीतीने तो गुडघे ताठ करतो. आणि ताठ गुडघ्यांनी तोल सांभाळता येत नाही, म्हणून पुन्हा पडतो. कन्येच्या पायांत बळ कमी असते, ती लवकर दमते, थंडीने रडकुंडीस येते. त्या वेळी पित्याने तिला ओढत नेऊ नये. फळ्या सोडून तिच्याजवळ बसावे, ऊबदार पेय द्यावे आणि आजचा धडा तेथेच संपवावा.

घरी मुलाला पिता सर्वज्ञ वाटतो. बर्फाच्या उतारावर मात्र त्याला कळते की, वडीलधारी माणसेही चुकतात, पडतात, अंगावरचा बर्फ झटकून पुन्हा उभी राहतात. उपदेशाचे शंभर शब्द जे शिकवीत नाहीत, ते हे एक दृश्य शिकविते. आणि कन्येने ‘बाबा, गुडघे वाकवा!’ म्हणून सांगितले असता जो पिता तिचे ऐकतो, तो शिष्यत्वाचा खरा पाठ तिला देत असतो.

आपल्या देशातही काश्मीरमधील गुलमर्गच्या उतारांवर हा खेळ खेळतात. आपणांपैकी कित्येकांना तेथे जाण्याचा योग कदाचित येणार नाही. परंतु पोहणे असो, सायकल असो वा एखादी नवी भाषा असो, घरातील थोरामोठ्यांना ‘चला, आपण बरोबर शिकू’ असे म्हणावयास हिमाची गरज नाही.