हिरडीखालची मोजणी

वरच्या पटाशीच्या दोन दातांपैकी एक आला, दुसऱ्याचा सहा महिने उलटले तरी पत्ता नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या घरात अशा वेळी ‘येईल हळूहळू, आमच्याकडे सगळ्यांचे उशिराच आलेत’ असं म्हणून विषय मिटतो. दात उशिरा येतात हे खरंच आहे. पण जोडीतला एकच अडतो तेव्हा वाटेत काहीतरी आहे, अशी शंका घ्यायला हवी. तिथला छोटा एक्स-रे काढला की पुष्कळदा दोन दातांच्या मधोमध, टाळूच्या बाजूला, एक टोकदार जादा दात सापडतो. त्याला मेसिओडेन्स म्हणतात. तो वेळेत काढला तर अडलेला दात अनेकदा आपणहून खाली उतरतो.

रॉन्टगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि जानेवारी १८९६ मध्येच जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या तोंडात काचेची प्लेट धरून दातांचा एक्स-रे घेतला. त्यासाठी २५ मिनिटं किरण सोडावे लागले. आता क्षणात काम होतं, पण सावली वाचण्याची रीत तीच आहे. खनिज जितकं जास्त, तितकी सावली पांढरी. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, म्हणून सर्वांत पांढरं. डेंटिन थोडं करडं. गराची पोकळी काळी. हाडात घडत असलेला दात आधी नुसती काळी गोल जागा असतो, मग तीत पांढरे ठिपके उमटतात, ते जुळून दाताचा माथा तयार होतो आणि मूळ सगळ्यात शेवटी. हे सगळं वयाप्रमाणे घडत असल्यामुळे मुलाचं वय माहीत नसेल तर फिल्मचा अर्थच लागत नाही.

फिल्म हातात आल्यावर दुखऱ्या दाताकडे बघण्याआधी सगळे दात मोजावेत, असं माझं ठाम मत आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात वीस-चोवीस दात दिसतात. पूर्ण जबड्याच्या ओपीजीत ते पन्नासच्या घरात भरतात. न मोजता, नुसत्या नजरेने एखादा कमी-जास्त दात कळणं कठीणच.

अक्कलदाढा सोडल्या तर सर्वाधिक वेळा गैरहजर असते ती खालची दुसरी उपदाढ, आणि वरचा बाजूचा पटाशीचा दातही. पीएएक्स९, एमएसएक्स१ अशा जनुकांतल्या बदलांमुळे दातांच्या कळ्याच तयार होत नाहीत, म्हणून हा प्रकार बरेचदा घराण्यात चालतो. अशा मुलाची दुधाची दाढ बाराव्या-तेराव्या वर्षीही जागची हलत नाही. ‘पडत नाही तर उपटून टाका’ हा आग्रह इथे महागात पडतो. खाली कायमचा दातच नसेल तर हीच दुधाची दाढ, मुळं शाबूत असली तर, तिशी-चाळिशीपर्यंत साथ देऊ शकते. मात्र निदानाची घाईही नको. काही मुलांत ही उपदाढ आठव्या-नवव्या वर्षापर्यंत फिल्मवर उमटतच नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘दातातल्या दाता’ची. वरच्या बाजूच्या पटाशीच्या दातात हा दोष जास्त आढळतो. दात घडत असताना एनॅमलचा थर आत दुमडतो. बाहेरून दात धडधाकट. फार तर मागच्या बाजूला एक बारीक खळगा. फिल्मवर मात्र दाताच्या पोटात पांढऱ्या रेघेने आखलेला थेंबाच्या आकाराचा कप्पा स्पष्ट दिसतो. त्याच्या तळाशी एनॅमल पातळ किंवा नसतंच, त्यामुळे जंतू थेट गरापर्यंत पोचतात. कीड न लागताच दात आतून मरतो आणि पालकांना कळतं ते हिरडीवर पुळी आल्यावर. त्या दाताचं रूट कॅनाल अवघड, कारण आतली रचनाच वेडीवाकडी. वेळीच कळलं तर खळगा सीलंटने बुजवणं पुरतं. एका बाजूला सापडला की दुसऱ्या बाजूचा दातही तपासायचा.

काही दोष मात्र फिल्मवर चटकन ओळखू येतात. डेंटिनोजेनेसिस इम्परफेक्टा या आनुवंशिक दोषात माथे फुगीर, मान आवळलेली, मुळं आखूड आणि गराची पोकळी जवळजवळ नाहीशी झालेली दिसते. टॉरोडॉन्ट दाढेत उलट प्रकार: पोकळी लांबच लांब आणि मुळं अगदी खाली फुटलेली. आर्थर कीथ यांनी १९१३ मध्ये हे नाव दिलं ते निअँडरथल दाढांचा अभ्यास करताना.

ओडोंटोमा म्हणजे दाताच्याच ऊतींची गाठ. तिची बातमी होते ती आकड्यांमुळे. २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाण्याच्या १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून दातांसारखे २३२ तुकडे निघाले. २०१९ मध्ये चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६. नेहमी दिसणारे ओडोंटोमा लहान असतात, दुखत नाहीत आणि एखादा दात आला नाही म्हणून काढलेल्या फिल्ममध्ये सापडतात.

फिल्म सपाट असते, त्यामुळे अडकलेला दात टाळूकडे आहे की ओठाकडे, हे एका फिल्मवरून कळत नाही. १९१० मध्ये सी. ए. क्लार्क यांनी सोपा उपाय सांगितला: क्ष-किरणांची नळी बाजूला सरकवून दुसरी फिल्म घ्या. एसटीच्या खिडकीतून जवळची झाडं मागे पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो, तसं नळीच्या दिशेने सरकलेला दात टाळूकडचा, उलट गेलेला ओठाकडचा. आता सीबीसीटी ही त्रिमितीय तपासणी आहे, पण तिचा किरणांचा डोस जास्त. साध्या ओपीजीचा डोस मिलिसिव्हर्टच्या एक-दोन शतांशांच्या आसपास. निसर्गातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. तरीही मुलांचा एक्स-रे कारण असेल तरच काढावा.

वरचा सुळा हे असं एक कारण. दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीवर ओठाच्या बाजूने बोट फिरवलं की त्याचा उंचवटा लागायला हवा. लागला नाही, आणि फिल्ममध्ये सुळा टाळूकडे वळलेला दिसला, तर दुधाचा सुळा काढायचा. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात असे ४६ पैकी ३६ सुळे नंतर वाटेवर आले. तेच वय निघून गेलं की शस्त्रक्रिया करून सुळा उघडा करायचा, साखळी लावायची आणि वर्ष-दीड वर्ष तारेने ओढायचा. तोवर त्याने शेजारच्या दाताचं मूळ झिजवलेलंही असू शकतं, आणि ते झिजताना दुखत नाही.