इंजिन निवडताना घाट आठवा

पिरनवाडीहून किणये, जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे माल नेणाऱ्याला वापरलेली फोर-बाय-फोर पिकअप घ्यायची असेल, तर अश्वशक्तीचा आकडा नंतर पाहावा. भरलेली गाडी चढावर ओढतो तो टॉर्क, आणि तो कमी फेऱ्यांवर मिळायला हवा. 2016 मध्ये आलेल्या इसुझू व्ही-क्रॉसचं 2.5 लिटर डिझेल इंजिन 320 न्यूटन-मीटर देतं. नंतरचं बीएस-6 इंजिन 1.9 लिटरचं असूनही 360 देतं: टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, म्हणून जास्त डिझेल जळू शकतं.

मग नवंच घ्यावं? ते वापरावर ठरतं. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी सुमारे 600 अंशांना जळते. शेत ते बाजार एवढंच धावणाऱ्या गाडीत तेवढी उष्णता टिकत नाही आणि फिल्टर तुंबतो. अशा कामाला मला बीएस-4 इंजिनच बरं वाटतं.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण सैल करताच जोरात भपकारे आले, तर रिंगा बहुधा झिजल्यात. ती गाडी सोडा.