वादळांचा हंगाम किती तीव्र, हे कसे ठरवतात?

अटलांटिक महासागरातला चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. त्याची तीव्रता जोखताना आधी नाव मिळालेली वादळे मोजली जातात. पण नुसती संख्या फसवते. २०२० मध्ये विक्रमी ३० वादळांना नावे मिळाली, २०१७ मध्ये फक्त १७ वादळांना. तरीही ऊर्जेच्या निर्देशांकात २०१७ वरचढ ठरले, कारण त्या वर्षीची इर्मासारखी वादळे अधिक जोरकस होती आणि जास्त दिवस टिकली.

हा निर्देशांक काढण्यासाठी दर सहा तासांनी वादळातल्या वाऱ्याचा कमाल वेग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि हंगामभराच्या वर्गांची बेरीज करतात. त्यामुळे दोन दिवसांत विरणारे आणि दोन आठवडे घोंगावणारे वादळ एकाच पारड्यात पडत नाही.

नुकसानीचा हिशेब मात्र निराळा. १९९२ चा हंगाम एकंदरीत शांत होता, पण त्यातल्या अँड्र्यूने दक्षिण फ्लोरिडातल्या वस्त्या जमीनदोस्त केल्या. उलट २०१० मध्ये १२ वादळे हरिकेन म्हणजे तीव्र चक्रीवादळाच्या पातळीला पोहोचूनही त्यांपैकी एकही अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्या तीव्रतेने धडकले नाही.

जुन्या वर्षांशी तुलना करतानाही सावध राहावे. उपग्रह येण्यापूर्वी भर समुद्रातच विरलेली कित्येक वादळे नोंदींत आलीच नाहीत.