फ्रेंच ॲनिमेशनचा प्रवास (भाग ६) : पॅरिसची कार्यशाळा, हॉलिवूडचा शिक्का

निळी डंगरी घातलेले, पिवळ्याधमक रंगाचे मिनियन बहुतेक प्रेक्षकांना अमेरिकन वाटतात आणि तसे वाटणे स्वाभाविकच आहे, कारण चित्रपटाच्या आरंभी युनिव्हर्सल कंपनीचा पृथ्वीगोल फिरतो, मूळ संवाद इंग्रजीत असतात आणि तिकीटबारीवरचा नफाही अखेर अमेरिकेतच जमा होतो. प्रत्यक्षात ही पात्रे पॅरिसमधील एका स्टुडिओत घडली, त्यांचा आवाजही प्रामुख्याने एका फ्रेंच दिग्दर्शकाचा आहे. आज ‘इल्युमिनेशन स्टुडिओज पॅरिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने व्यावसायिक यशाच्या दृष्टीने फ्रान्समधील अन्य सर्व ॲनिमेशन स्टुडिओंना मागे टाकले असले, तरी फ्रेंच चित्रपटांच्या अधिकृत नोंदीत तिच्या या चित्रपटांना स्थान नाही. ही विसंगती कशी निर्माण झाली, हे समजण्यासाठी या स्टुडिओच्या कलेइतकाच त्याच्या अर्थव्यवहाराचाही विचार करावा लागतो.

स्टुडिओचे मूळ ‘मॅक गफ’ या 1986 साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या कंपनीत आहे. जाहिराती, संगीतपट आणि चित्रपटांतील दृश्य-परिणाम, म्हणजे चित्रीकरणानंतर संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर घडवलेली दृश्ये, हा तिचा पहिला उद्योग होता, आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे ती सावकाश वळली. 2006 साली मिशेल ओसलो यांच्या ‘अझूर ए अस्मार’ या चित्रपटाचे संगणकीय काम तिने केले. ओसलो यांनी पात्रांच्या चेहऱ्यांना त्रिमितीय घडण दिली, परंतु कपडे मात्र जाणीवपूर्वक सपाट रंगात ठेवले, त्यामुळे पडद्यावर मध्ययुगीन लघुचित्राचा भास निर्माण झाला. वास्तवाची हुबेहूब नक्कल हेच संगणकाचे ध्येय असले पाहिजे असे नाही, हे या चित्रपटाने जितक्या ठामपणे दाखवले तितके त्या दशकातील फार थोड्या चित्रपटांनी दाखवले असेल. त्यानंतर 2008 साली ‘शासर द द्रागों’ (ड्रॅगनचे शिकारी) हा चित्रपट आला आणि त्यातील हवेत तरंगणाऱ्या भूखंडांच्या जगामुळे कंपनीची तांत्रिक क्षमता फ्रान्सबाहेरही लक्षात आली.

याच सुमारास, 2007 साली, क्रिस मेलेडँड्री यांनी अमेरिकेत ‘इल्युमिनेशन’ ही निर्मितिसंस्था स्थापन केली होती. फॉक्स कंपनीच्या ॲनिमेशन विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी ‘आइस एज’च्या काळात मोठ्या स्टुडिओच्या पसाऱ्याबाहेरही यशस्वी कौटुंबिक चित्रपट घडू शकतो, याचा अनुभव घेतला होता, म्हणून त्यांनी कथा, पटकथा आणि निर्मितीचे निर्णय कॅलिफोर्नियात ठेवले आणि चित्रपट प्रत्यक्ष घडवण्याचे काम मॅक गफकडे सोपवले. 2010 सालचा ‘डेस्पिकेबल मी’ हे या व्यवस्थेचे पहिले फळ. त्याची मूळ कल्पना सर्जिओ पाब्लोस या स्पॅनिश ॲनिमेटरची, पटकथा सिंको पॉल आणि केन डॉरिओ या अमेरिकन लेखकांची, आणि दिग्दर्शन फ्रान्सच्या पियेर कोफँ व अमेरिकेच्या क्रिस रेनॉ यांचे होते. सुमारे 6.9 कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात 54 कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्याच वर्षीच्या ‘टॉय स्टोरी 3’चा निर्मितिखर्च सुमारे 20 कोटी डॉलर होता. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, मॅक गफचा ॲनिमेशन विभाग इल्युमिनेशनने विकत घेतला, तर दृश्य-परिणामांचे काम करणारी मूळ कंपनी स्वतंत्र राहिली.

खर्चातील हा फरक केवळ काटकसरीचा नव्हता, तर त्याने चित्रपटाची शैलीच ठरवली, हे समजून घेण्यासाठी संगणकीय ॲनिमेशनची प्रक्रिया थोडी तपशिलात पाहणे आवश्यक आहे. प्रथम पात्राचे त्रिमितीय शिल्प संगणकात घडवले जाते, त्याला मॉडेलिंग म्हणतात; नंतर त्या शिल्पात सांधे, स्नायू आणि चेहऱ्यावरील हालचालींची नियंत्रणे बसवली जातात, ते रिगिंग; त्यानंतर ॲनिमेटर त्या नियंत्रणांच्या आधारे पात्राकडून अभिनय करवून घेतो, आणि प्रकाशयोजना झाल्यावर संगणक प्रत्येक चौकटीतील प्रकाश, सावली व पृष्ठभाग यांचे गणित करून अंतिम चित्र तयार करतो, त्यास रेंडरिंग म्हणतात. सेकंदाला 24 चौकटी या हिशोबाने दीड तासाच्या चित्रपटात 1,29,600 चौकटी होतात, आणि एकेका चौकटीच्या रेंडरिंगला कित्येक तास लागू शकतात. साहजिकच लांब केस, झुळझुळीत वस्त्रे, पाणी आणि गर्दी या चार गोष्टी निर्मात्याच्या तिजोरीला सर्वांत जड जातात.

मिनियनांची रचना या पार्श्वभूमीवर पाहिली, तर तिचे चातुर्य लक्षात येते. ‘डेस्पिकेबल मी’मधील खलनायक ग्रूचे हस्तक, म्हणजेच हे मिनियन, आरंभी धिप्पाड, दांडगट माणसे असावेत असा विचार होता. परंतु अशा गर्दीतील प्रत्येकाला वेगळा चेहरा आणि वेगळी देहयष्टी देणे खर्चाच्या आवाक्याबाहेरचे होते, शिवाय गुंडांच्या घोळक्यात ग्रूविषयी आपुलकी वाटणेही अवघड होते. एरिक गियाँ यांच्या आरेखनातून अखेर मान नसलेला, कंबर नसलेला, औषधाच्या कॅप्सूलसारखा देह पुढे आला. एकाच मूळ शिल्पाची उंची बदलून, डोळा एक किंवा दोन ठेवून आणि डोक्यावर चार केस कमीअधिक करून शेकडो पात्रे निर्माण करता येऊ लागली. डोळ्यावरच्या मोठ्या चष्म्यामुळे नजर ठळक झाली आणि भावना व्यक्त करण्याचा बराचसा भार पापण्यांवर आला. त्यांना अर्थपूर्ण संवादही नाहीत. कोफँ यांनी फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, इंग्रजी आणि इंडोनेशियन शब्दांची खिचडी करून त्यांचे बोलणे स्वतःच्या आवाजात उभे केले. त्यातील इंडोनेशियन अंश त्यांच्या मातोश्री, इंडोनेशियातील ख्यातनाम कादंबरीकार न्ह. दिनी, यांच्याकडून आलेला वारसा होय. अशा बोलण्याला भाषांतराची फारशी गरज पडत नाही, हा वितरकांच्या दृष्टीने मोठाच लाभ. मर्यादेतून शैली जन्मते हे विधान कलाचर्चेत अनेकदा सैलपणे केले जाते, पण येथे ते हिशोबाच्या वहीसह सिद्ध करता येते.

या यशामागे फ्रान्सच्या शिक्षणव्यवस्थेचा आणि सरकारी धोरणाचा वाटा मोठा आहे. पॅरिसच्या गोब्लँ या संस्थेतील ॲनिमेशनचा अभ्यासक्रम 1975 साली, म्हणजे संगणक या क्षेत्रात येण्यापूर्वी, सुरू झाला आणि हाताने चित्र काढण्याच्या शिस्तीत वाढलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यातून बाहेर पडल्या. कोफँ त्यांपैकीच एक. धोरणाच्या बाजूने पाहता, परदेशी पुढाकाराने फ्रान्समध्ये होणाऱ्या निर्मितीसाठी 2009 पासून एक करपरतावा लागू झाला, ज्यानुसार फ्रान्समध्ये केलेल्या पात्र खर्चापैकी 20 टक्के रक्कम निर्मितिसंस्थेला परत मिळे, आणि 2016 पासून हे प्रमाण 30 टक्के झाले. परतावा मिळवण्यासाठी कलाकृतीला सांस्कृतिक निकषांवर ठरावीक गुण मिळवावे लागतात, परंतु तिचे हक्क फ्रेंच असावेत अशी अट नाही. ही सवलत नसती, तर एवढे काम कॅनडासारख्या देशाकडे गेले असते, असे मानण्यास जागा आहे. मात्र तिच्यामुळे रोजगार आणि कौशल्य फ्रान्समध्ये राहिले, तर पात्रांचे हक्क, उत्तरपटांचे निर्णय आणि खेळण्यांपासून मनोरंजन उद्यानांपर्यंतचे उत्पन्न युनिव्हर्सलकडे गेले. आपल्या चित्रपटसंस्कृतीच्या वेगळेपणाविषयी इतक्या जागरूक असलेल्या देशाने कारागिरीला दिलेले संरक्षण कथेला मात्र दिले नाही, ही टीका एकांगी असली तरी निराधार नाही. कारण पॅरिसमध्ये घडलेल्या या चित्रपटमालिकांत पॅरिस जवळजवळ कोठेच दिसत नाही.

2023 साली या स्टुडिओतून दोन अगदी भिन्न प्रकृतीचे चित्रपट बाहेर पडले. ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’ने जपानी निन्टेन्डो कंपनीच्या खेळाला पडद्यावर आणून 130 कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, तर ‘मायग्रेशन’ या बदकांच्या कुटुंबाच्या कथेचे दिग्दर्शन बेंजामँ रेने यांच्याकडे होते, ज्यांनी ‘अर्नेस्त ए सेलेस्तीन’ या जलरंगी शैलीतील चित्रपटाच्या सहदिग्दर्शनामुळे नाव मिळवले होते. त्यातील शरद ऋतूच्या रंगसंगतीत आणि रिकाम्या ठेवलेल्या आकाशात त्यांच्या चित्रकाराच्या नजरेची खूण स्पष्ट दिसते. कथेची बांधणी मात्र इल्युमिनेशनच्या ठरलेल्या चाकोरीतून फारशी बाहेर येत नाही.

हक्क स्वतःच्या हाती ठेवून, याहून कितीतरी लहान खर्चात कौटुंबिक चित्रपट काढण्याचा दुसरा मार्ग दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरातील टॅट प्रॉडक्शन्सने निवडला. ‘ले आस द ला जंगल’ या दूरचित्रवाणी मालिकेकडून 2017 मध्ये त्याच नावाच्या चित्रपटाकडे झालेला तिचा प्रवास पुढील भागात पाहू.