गाल पाहा, डोळा पाहा

सिडनीच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्कमध्ये, समुद्राकाठच्या खुरट्या झुडपांत बँक्सिया फुलतो. मक्याच्या कणसासारखा उभा फुलोरा, त्यात शेकडो बारीक फुलं. त्यावर एक पक्षी येऊन बसतो. बुलबुलापेक्षा जरा लहान, अंगावर काळ्या-पांढऱ्या रेघा, पंखावर पिवळाधमक पट्टा. चोच फुलांत खुपसून बाहेर काढतो, तेव्हा कपाळाला परागकण चिकटलेले असतात. हा हनीईटर. पण कोणता?

इथे एकाच झुडपावर दोघे येतात : न्यू हॉलंड हनीईटर आणि व्हाइट-चीक्ड हनीईटर. दोघेही फिलिडोनिरिस प्रजातीतले, लांबी साधारण १८ सेंटिमीटर. आधी गाल पाहावा. व्हाइट-चीक्डच्या गालावर पंख्यासारखा पसरलेला मोठा पांढरा डाग असतो. न्यू हॉलंडच्या गालावर पांढऱ्या पिसांचा छोटासा झुबका. मग डोळा. न्यू हॉलंडची बुबुळं पांढरीशुभ्र, दुसऱ्याची गडद. मात्र न्यू हॉलंडच्या पिल्लांचे डोळे करडे असतात, म्हणून नुसत्या डोळ्यावर विसंबू नये. टास्मानियात हा प्रश्नच पडत नाही. तिथे या दोघांपैकी फक्त न्यू हॉलंड राहतो.

न्यू हॉलंडची आणखी एक गोष्ट विलक्षण आहे. ससाणा झेपावताना दिसला, की तो इशाऱ्याची हाक देतो. त्या हाकेत स्वर जितके जास्त, तितका वेळ बाकीचे पक्षी पानांआड दडून राहतात.

हनीईटरची लांब बाकदार चोच आणि मधाचा सोस पाहून आपल्याला जास्वंदीवरचा शिंजीर आठवतो. पण शिंजीर त्यांचा जवळचा नातलग नाही. हनीईटरच्या जिभेचं टोक कुंचल्यासारखं झिरमिळ्यांचं असतं, शिंजीराची जीभ नळीसारखी. काम एकच, म्हणून दूरदेशी राहून दोघांची घडण सारखी झाली. उलट हनीईटरचा खरा गोतावळा पाहिला, तर त्यात आखूड चोचीची, किडे टिपणारी चिमुकली फेअरीरेन निघते.

म्हणजे सारखेपणा दोन वाटांनी येतो. बँक्सियावरच्या या दोघांत तो रक्ताच्या नात्यातून आला, शिंजीरात फुलातल्या मधापायी. दुर्बिणीतून गाल आणि डोळा निरखताना आपण नकळत हाच इतिहास वाचत असतो.