कुत्रीच्या स्तनातील गाठ आणि ऊतींची परीक्षा

राखणीच्या कुत्रीच्या पोटाखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. तिचे खाणेपिणे व्यवस्थित असते, म्हणून घरची मंडळी तिकडे लक्ष देत नाहीत. गाठ लिंबाएवढी होऊन फुटली, म्हणजे दवाखान्याकडे धाव घेतली जाते. बीजकोश शाबूत असलेल्या माद्यांत जी अर्बुदे आढळतात, त्यांत स्तनग्रंथींच्या अर्बुदांचा क्रमांक पहिला लागतो. कुत्रीला बहुधा स्तनांच्या पाच जोड्या असतात. पैकी मागील दोन जोड्यांत हा रोग विशेष दिसतो.

3 सेंटिमीटरहून लहान गाठ काढल्यास गुण येण्याची आशा अधिक असते. परंतु गाठ साधी की दुर्दम, हे केवळ चाचपून ठरत नाही. त्यासाठी काढलेली गाठ मेणात बसवून तिचे अतिशय पातळ काप घेतात व रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. येथे कुत्रीची गाठ पुष्कळदा तज्ज्ञासही चकविते. तिच्यात ग्रंथीच्या पेशींबरोबर त्यांना वेढणाऱ्या आकुंचनशील पेशी, कूर्चा, क्वचित हाडदेखील आढळते!

अशा वेळी ऊतींवरील चिन्हकांचा आधार घेतात. चिन्हक म्हणजे पेशीतील एखादे विशिष्ट प्रथिन. त्या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड कापावर सोडतात आणि रासायनिक क्रियेने ती जागा तपकिरी करतात. पी-63 या प्रथिनामुळे वेढणाऱ्या पेशी ओळखू येतात. केआय-67 हे चिन्हक जर्मनीतील कील येथील संशोधकांनी 1983 साली प्रसिद्ध केले. गावाचे नाव त्यात राहिले आहे. विभाजनाच्या मार्गावरील पेशींत ते असते, विसावलेल्या पेशींत नसते. म्हणून तपकिरी केंद्रकांचे प्रमाण जितके मोठे, तितकी गाठीची वाढ जोमदार समजावी. स्त्रीबीजग्रंथींच्या संप्रेरकांचे ग्राहक साध्या गाठींत अधिक व दुर्दम गाठींत कमी आढळतात. एचईआर-2 या चिन्हकाला स्त्रियांच्या कर्करोगात फार महत्त्व आहे. कुत्रीच्या बाबतीत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, म्हणून त्यावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे. साधी सूक्ष्मदर्शक परीक्षा आधी, चिन्हके नंतर, हाच क्रम इष्ट होय.

ही सर्व परीक्षा अवलंबून असते ती शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तासावर. काढलेली गाठ टाकून दिली जाते, अथवा पाण्यात वा स्पिरिटमध्ये ठेवली जाते. मग प्रयोगशाळेने काय करावे? गाठीच्या दहापट 10 टक्के फॉर्मॅलीन रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यावे. गाठ मोठी असल्यास तिला छेद द्यावेत, म्हणजे द्रव आतपर्यंत पोहोचेल. गाठ गोठवू नये. फॉर्मॅलीनमध्ये आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यास प्रथिने झाकली जातात व चिन्हके उमटत नाहीत. यास्तव नमुना एक-दोन दिवसांत रवाना करावा. एकाच कुत्रीच्या दोन स्तनांतील गाठी निरनिराळ्या जातीच्या असू शकतात. तेव्हा प्रत्येक गाठीला स्वतंत्र बाटली असावी आणि चिठ्ठीवर कुत्रीचे वय, स्तनाची जागा, गाठीचा आकार व नसबंदी झाली आहे किंवा नाही, एवढे अवश्य लिहावे.