‘किती दिवस?’ या प्रश्नाचे उत्तर

गळ्याखाली किंवा गुडघ्यामागे हाताला लागणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठी हे कुत्र्यांमधील लिम्फोमाचे नेहमीचे लक्षण. निदान होताच घरचे विचारतात, ‘किती दिवस?’ उपचारांविना बहुतेक कुत्री महिना-दोन महिनेच जगतात. अनेक औषधांच्या केमोथेरपीने बी-पेशींच्या लिम्फोमात हा काळ साधारण वर्षभरावर जातो. मात्र हे वर्ष म्हणजे मुदत नव्हे. तो मध्यक आहे: निम्मी कुत्री त्याआधी जातात, निम्मी त्यापुढे जगतात.

या केमोथेरपीने आजार क्वचितच समूळ जातो. मिळणारे दिवस सुखाचे जावेत म्हणून मात्राही माणसांपेक्षा सौम्य ठेवतात. ती द्यायची की नाही, हे लवकर ठरवावे. आधी स्टेरॉइड सुरू केल्यास पुढे केमोचा परिणाम कमी होऊ शकतो. खर्च झेपत नसेल, तर नुसत्या स्टेरॉइडनेही काही आठवडे आराम पडतो. माणसांच्या आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र देऊ नयेत.

भूक, पाणी, वेदना, श्वास, स्वच्छता, हालचाल आणि आनंद यांची घरच्यांनी रोज नोंद ठेवावी. दिनदर्शिकेवर वाईट दिवसांच्या खुणा वाढू लागल्या, की दयामरणाबद्दल पशुवैद्यांशी बोलायला उशीर करू नये.